आमची वहिनी आणि शाळेचा गेम

आमच्या वहिनीने आयुष्यात एकही वस्तू नुसती दुकानात जाऊन विकत घेतलेली नाही. घरात सून आणायची असावी तशी ती प्रत्येक वस्तूची चौकशी करते. घराणं कुठलं, स्वभाव कसा, आवाज चढतो का, आणि आधी कुणाच्या घरी नांदली असेल तर तिथून परत का आली. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा ती बिल्डिंगमधल्या घराघरांत जाऊन फ्रिजला कान लावून उभी राहिली होती. तळमजल्यावरच्या आजोबांना वाटलं बाईला भोवळ आली, ते बिचारे कांदा फोडून घेऊन धावले. मिक्सरच्या वेळी ओळखदेख नसलेल्या एका केटररच्या स्वयंपाकघरात शिरून तिने स्वतः चटणी वाटून पाहिली आणि निघताना त्याच्या चटणीत काय कमी आहे तेही त्याला सांगून आली. गादीच्या दुकानात तर आडवी होऊन म्हणाली, "कुणी बोलू नका, झोप लागते का बगू द्या." मालकाने पंखा वाढवला, शटर अर्धं ओढून घेतलं, नोकरांना बाहेर काढलं. झोप काही लागली नाही आणि गादी नापास झाली. खरं तर वहिनीला दुपारची झोप तिच्या स्वतःच्या घरीही कधी लागलेली नाही. ती जेवते उभ्याने, चहा पिते चालता चालता, आणि रिक्षात बसली तरी अशी कडेला बसते की रिक्षावाला दर वळणावर आरशात बघून खात्री करून घेतो.

ही सगळी तगमग मासळी बाजारात मात्र कुठल्या कुठे जाते. वहिनी उरणच्या कोळीवाड्यातली. आमचंही मूळ तिकडचंच, पण आम्ही पनवेलात वाढलो आणि शाळेत बाईंच्या छड्या खाऊन 'नाही'मधला 'ह' म्हणायला शिकलो. वहिनीचा तो 'ह' समुद्रात राहिला तो राहिलाच. पनवेलच्या बाजारात ती टोपल्यांपुढून नुसती चालत जाते, एका ठिकाणी थांबते, माशाचा कल्ला वर करून आतला लालपणा बघते, आणि सौदा संपतो. घासाघीस नाही, दुसरी टोपली बघणं नाही. मी एकदा म्हटलं, "वहिनी, बाकीच्या वस्तू पण अशाच घे की." तर ती कळवळून म्हणाली, "अवो भाऊजी, मासा खोटं बोलत नाय. या फ्रिजला नि मिक्सरला कल्ले हायत कुठं?"

माझा दादा एसटीत ड्रायव्हर होता. पनवेल-महाड हा त्याचा लाडका मार्ग. कर्नाळ्याची खिंड तो झोपेतही वळवायचा, म्हणजे अंथरुणात त्याचे हात स्टिअरिंगसारखे फिरायचे असं वहिनी सांगायची. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना त्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं वाचलं, पाय फरफटत का होईना चालायला लागला. डावा हात मात्र रुसला. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेला माणूस दोन खोल्या आणि एका गॅलरीत आला. गॅलरीतून जाणाऱ्या रिक्षांना तो शिव्या द्यायचा, "अरे, इंडिकेटर कशाला दिलाय!" पुढे पुढे त्याही बंद झाल्या. तो गप्प राहायला लागला, तशी वहिनीची येरझार वाढली. एकाच घरात एक माणूस हलेना आणि दुसरं थांबेना, अशी गत झाली.

नवीन पनवेलला व्यायामासाठी तो जायचा तिथल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टर मुलीने एक दिवस बोटांना चालना मिळावी म्हणून त्याच्या हातात व्हिडिओ गेमचा रिमोट दिला. दादाने तो मेलेला उंदीर धरावा तसा धरला. पण टीव्हीवर दुसऱ्या कुणाचा तरी गेम चालू होता. एक मोठी शाळा, गणवेशातला एक दांडगट पोरगा, तासाची घंटा झाली की तो मागच्या दाराने सटकतो, सायकल काढतो आणि गावभर कुठेही फिरतो. कुठेही, हे महत्त्वाचं. ठरलेला रस्ता नाही, ठरलेला थांबा नाही. दादा बघत राहिला. घरी आल्यावर जेवताना म्हणाला, "तो शाळेचा गेम आपल्याकडे घेऊ या का?"

आजारपणानंतर त्याने स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. वहिनीने मला तासाभरात बोलावून घेतलं. गेम चालवायचं मशीन माझ्या घरी होतंच. मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हापासून कपाटावर पडून होतं. ते मी त्याच संध्याकाळी नेऊन टीव्हीला जोडून दिलं. उरली फक्त गेमची डिस्क. दुसऱ्या कुठल्याही घरात ती दुसऱ्या दिवशी आली असती.

बाजारपेठेत गेम विकणारे एक चाचा आहेत. वहिनी माझ्यासोबत त्यांच्या काउंटरपुढे उभी राहिली. चाचा कौतुकाने सांगायला लागले की हा गेम जुना आहे, खूप वर्षांपूर्वी गाजला होता, आता कंपनीने तो नव्याने काढलाय. इथेच ते फसले.

"एकदा विकलेला मासा परत टोपलीत कसा आला?" वहिनीने विचारलं.

"भाभी, शकल सुधारलीय ना. चेहरे साफ, दीवारें साफ. रस्ते, शाळा, कहानी सगळं तेच."

"म्हंजे शिळा मासा तोंड धुवून आणलाय."

चाचा हसले, पण त्यांना अजून पुढचं माहीत नव्हतं. वहिनीने शाळेची चौकशी सुरू केली. मास्तर मारतात का? हेडमास्तर कसा हाय? पोरं कुठल्या घरातली? मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. चाचांनी प्रामाणिकपणे सांगितलं की पोरं वांड आहेत, शाळेत मारामाऱ्या फार होतात, नवीन आलेल्याला तर पहिल्याच दिवशी धरतात. वहिनीचा चेहरा उतरला. "ह्यांचा तर डावा हात उठत नाय," ती म्हणाली. "ती पोरं ह्यांना मारतील."

चाचांनी डिस्क काउंटरवरून उचलून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, "विचार करून या, भाभी. घाई नाही."

घाई दादाला होती. तो रोज विचारायचा, "आला का?" आणि वहिनी म्हणायची, "चौकशी चाललीय." तिने मला इंटरनेटवरची मतं वाचायला बसवलं. चांगलं लिहिणाऱ्यांची मतं ती ऐकूनच घेत नसे, "ती दुकानवाल्याची माणसं." वाईट लिहिणाऱ्यांची मात्र दोनदा वाचायला लावायची. कुणी लिहिलं होतं, एकदा गेममधला पोरगा भिंतीतून आरपार गेला. वहिनी रात्रभर त्या भिंतीचा विचार करत होती, असं दादाने मला वैतागून सांगितलं.

मग तिला कळलं की पळस्प्याला एक जण हाच गेम वापरलेला म्हणून विकतोय. झालं! विकत घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त कळतं, असं तिचं तत्त्व. आम्ही रिक्षाने पळस्प्याला गेलो. बँकेत नोकरीला असलेला एक चष्मेवाला गृहस्थ होता, पस्तिशीचा. त्याने दार उघडताच वहिनीने नमस्कार-चमत्कार काही न करता मुद्द्याला हात घातला.

"का विकताय?"

"खेळून झाला, काकू."

"पुरता?"

तो घुटमळला. "तसा... अर्धा."

"मंग अर्ध्यात का टाकला?"

आतून त्याची बायको म्हणाली, "सांगा, सांगा. मलाही ऐकायचंय."

तो सोफ्यावर बसला. कॉलेजात असताना मित्राच्या खोलीवर हा गेम रात्र रात्र खेळायचो, तो म्हणाला, परीक्षेचीही पर्वा नव्हती. नवा आला म्हटल्यावर धावत जाऊन घेतला. "गेम तोच आहे हो, काकू. उलट दिसायला चांगलाच झालाय. पण मजा..." त्याने हात पसरले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

"दाखवा," वहिनी म्हणाली.

त्याने लावून दाखवला. घंटा झाली, पोरगा वर्गातून सटकला, कुंपणावरून उडी मारून सायकलवर बसला. वहिनी टीव्हीच्या बाजूला उभी राहून विचारत होती, हा जिना कुठं जातो, त्या दारामागं काय, हितनं समुद्र दिसतो का. त्यालाही तिच्या प्रश्नांमुळे नव्या नव्या जागा सापडायला लागल्या. "अरे, इथे मी कधी गेलोच नव्हतो!" असं तो स्वतःशीच म्हणायला लागला. चहा आला, थंड झाला. शेवटी वहिनी म्हणाली, "मंग, द्या तर." त्याने रिमोट छातीशी धरला आणि ओशाळून म्हणाला, "काकू, सध्या राहू दे. मी नाही विकत." त्याच्या बायकोने वहिनीकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

परतताना मी म्हटलं, "विकणाऱ्यालाच सोडवत नाही, आणखी काय पाहिजे?" वहिनी रिक्षाच्या कडेला बसून बाहेर बघत म्हणाली, "माल बरा हाय. पण..."

घरी आलो तर दादा गॅलरीत पाठ करून बसलेला. वहिनी उत्साहाने पळस्प्याची हकीकत सांगायला लागली. त्याने ऐकून घेतलं आणि मान न वळवता म्हणाला, "राहू दे. मला नको तो गेम." वहिनी हसली, "अवो, उद्या आणते की." तो म्हणाला, "नको म्हटलं ना." दुसऱ्या दिवशी तो व्यायामालाही गेला नाही. त्यानंतरही नाही.

मी तिरीमिरीत त्यांच्या घरी गेलो. वहिनी जिन्यात उभी होती, वर जाईना, खाली येईना. मी पहिल्यांदाच तिच्यावर आवाज चढवला. "वहिनी, एक गेम घ्यायला एवढा काथ्याकूट? आता काय चौकशी करायची राहिलीय?"

ती कठड्याला धरून म्हणाली, "भाऊजी, त्या गेमात डाव्या अंगठ्यानं पोरगा चालतो. मी पयल्याच दिवशी डॉक्टरणीला विचारलं. उजव्यानं नुसती मान वळते, चालवायचं डाव्यानंच." तिने थोडं थांबून पुढे म्हटलं, "आनला आणि जमला नाय तर? आता गेम नाय म्हनून रुसून बसलेत. मंग काय म्हनून बसतील?"

 इतके दिवस मी तिच्या चौकशा हसून इतरांना सांगत होतो. खालून काही माणसं वर येत होती, त्यांना जागा द्यायला आम्ही भिंतीला लागून उभे राहिलो. ती माणसं गेल्यावर वहिनी पदराने तोंड पुसून म्हणाली, "नाय जमला तर नाय. आपल्या घरात नाय जमनार. चार लोकांसमोर तर नाय ना." आणि जिना उतरून, मला न घेता, तशीच घरातल्या चपलांवर बाजारपेठेत गेली. चाचांनी नंतर मला सांगितलं, भाभी आल्या, एक लफ्ज बोलल्या नाहीत, पैसे ठेवले, डिस्क उचलली आणि गेल्या.

पहिले दिवस वाईट गेले. शाळेच्या फाटकात तो पोरगा उभा राहायचा आणि जागच्या जागी गरगर फिरायचा. घंटा व्हायची, सगळी मुलं आत जायची, हा तिथेच. दादाच्या कपाळावर घाम यायचा. एकदा त्याने रिमोट पलंगावर फेकला. वहिनीला बघवत नसे, ती स्वयंपाकघरातून विचारायची, "गेलात का आत?" दादा ओरडायचा, "नाही!" थोड्या वेळाने पुन्हा, "गेलात का?" "अगं, बाई, नाही!" पण निदान ओरडायला लागला होता. वांड पोरांनी त्याला खरंच धरून बडवलं, तेव्हा वहिनी लाटणं घेऊन बाहेर आली आणि टीव्हीसमोर उभी राहून त्या पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली. "बाजूला हो, दिसत नाही!" दादा म्हणाला, आणि हसला. आजारपणानंतर तो हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग एकदा पोरगा फाटकातून आत गेला. पुढे जिना चढला. पुढे सायकलवर बसला, पडला, पुन्हा बसला. त्या गावात गाड्या उजव्या बाजूने चालतात, दादा मात्र इमाने इतबारे डावीकडून जायचा आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "लायसन कोणी दिलं रे तुला?" तो व्यायामालाही परत जायला लागला. डॉक्टर मुलीने मात्र स्पष्ट सांगितलंय, हात आता साधारण एवढाच राहील. शर्टाची बटणं लावता येतात, पेला धरता येतो. गाडी चालवता येणार नाही. दादाने ते ऐकून घेतलं, आणि वहिनीने दुसऱ्या डॉक्टरकडे चौकशी केली नाही, हे मला फार लागलं.

मे महिन्यात एक दिवस तिचा फोन आला. उकाड्याने अंगाची काहिली होत होती, वीज जाऊन येऊन होती. "भाऊजी, हातातलं ठेवा आन् या. बर्फ पडलाय!"

"कुठे?"

"शाळंत!"

गेलो. गेमच्या गोष्टीत हिवाळा आला होता. शाळेचं छप्पर, मैदान, बाकं, सगळं पांढरं. पोरगा स्वेटर घालून उभा, आणि वरून भुरूभुरू बर्फ. आम्ही तिघं पंख्याखाली घाम पुसत बघत होतो. रिमोट मांडीवर ठेवून दादा म्हणाला, "रिटायर झाल्यावर सिमल्याला जायचं होतं. हिची चौकशी चालली होती." आवाजात तक्रार नव्हती.  वहिनीने फक्त विचारलं, "हा बर्फ राहतो का?"

"पुढचं काम केलं की गोष्ट पुढे सरकते," दादा म्हणाला. "मग वितळतो."

"मंग नका करू पुढचं काम."

दादाने केलं नाही. परवा गेलो तेव्हाही तिथे हिवाळाच होता. दादा डाव्या अंगठ्याने सायकल हळूहळू समुद्राच्या बाजूला नेत होता, आणि वहिनी त्याच्या दंडाला धरून म्हणत होती, "सावकाश घ्या. घसराल."