अंदाजाने भरलेला चेहरा

आई गेल्यावर भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटो सापडेना. शेवटी मावसबहिणीच्या साखरपुड्यातला एक मिळाला, या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत आलेला. त्यात आई मागच्या रांगेत हसत उभी होती, नखाएवढी.

स्टुडिओतल्या बाईंनी तो मोठा केला, तर चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. "फाटतोय हो," त्या म्हणाल्या. "पण आता कॉम्प्युटर भरून काढतो. जिथे काही उरलेलं नाही, तिथे अंदाजाने घालतो."

थोड्या वेळात पडद्यावर लखलखीत चेहरा उमटला. पापण्यांचे केससुद्धा वेगवेगळे दिसत होते. हनुवटीवरचा व्रण मात्र नव्हता, आणि डोळ्यांत आईची ती कायमची धास्तीही नव्हती.

"ही आई वाटत नाही," मी म्हणाले.

"मग पुसटच ठेवू का?" त्यांनी समजुतीने विचारलं.

बाबांची नजर अधू झाली आहे, पुसट फोटो त्यांना दिसलाच नसता. मी हाच छापायला सांगितला.

गेलेल्या माणसाच्या आठवणीतल्या रिकाम्या जागा आपणही अंदाजानेच भरत असतो. पण त्याला वर्षं लागतात, असं मी धरून चालले होते.

बाबा त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. "छान आलाय," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "अशीच दिसायची ना गं ती?"

मी "हो" म्हणाले, आणि तिचा खरा चेहरा आठवणारी घरात मी एकटीच उरले.