काशीगावाजवळ बंद पडलेली नवी गाडी

काल काशीगावच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोतून जळक्या ऑइलचा वास आला आणि पंधरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली.

आमची पहिली गाडी घेऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. सीटवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. शेजारी बाबा होते, आयुष्यभर ट्रक चालवलेले. परतताना ते चालवणार होते.

"इंजिनचा आवाज बरोबर नाही. बाजूला घे," ते म्हणाले.

"बाबा, नवीन गाडी आहे. तुमचा जुना ट्रक नाही."

डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला तरी गाडी थांबवली नाही. पाच मिनिटांत बॉनेटमधून धूर आला आणि इंजिन जाम झालं.

शोरूमच्या मेकॅनिकने विचारलं, "लाल बत्ती आने के बाद भी चलाते रहे? कौन चला रहा था?"

मी बाबांकडे बोट दाखवलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "हां, मेरी गलती है."

पुढे दोष कारखान्यातलाच निघाला, इंजिन बदलून मिळालं. बाबांची माफी मागायची मात्र राहून गेली. त्यांनी त्या गाडीची चावी कधीच हातात घेतली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "आता नजर पूर्वीसारखी राहिली नाही."

शेवटपर्यंत त्यांना आमच्या बाल्कनीतून केबिन रोडवरच्या लांबच्या दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या.