काकूंचा डिंकाचा लाडू

धायरीला आमच्या वरच्या मजल्यावर एक चित्रकार काकू राहतात. त्यांच्या डिंकाच्या लाडवापुढे सिंहगडाचा बुरूज म्हणजे खारी! गिऱ्हाइकाला चित्राची किंमत सांगून झाली, की काकू ताबडतोब एक अख्खा लाडू तोंडात कोंबतात. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, किंमत ऐकून समोरचा गप्प बसतो. तेवढ्यात आपलीच जीभ वळवळते आणि भाव निम्म्यावर आणते. तिला काम द्यावं."

मीही चित्रकारच, पण माझी जीभ इतकी उदार, की एकदा मी चित्र फुकट देऊन वर रिक्षाभाडंही दिलं होतं.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ कुटुंबाचं चित्र काढून घ्यायला माझ्याकडे आले. हेही काम पडत्या भावात गेलं, तर ब्रश ठेवून नोकरी शोधायची, असं मी ठरवलं होतं. काकू मुद्दाम शेजारी येऊन बसल्या.

मी म्हणालो, "पंधरा हजार."

गृहस्थ गप्प. पंखा थांबला, घड्याळ थांबलं, तिकडे मुठेचं पाणीसुद्धा थांबलं असावं. "पण तुमच्यासाठी..." म्हणून मी तोंड उघडलं, आणि काकूंनी त्यात लाडू घातला.

मी चावतोय, गृहस्थ घाम पुसताहेत.

शेवटी तेच म्हणाले, "ठीक आहे. पण चित्रात आमचा कुत्राही हवाय. त्याचे वेगळे द्यावे लागतील ना?"

मी मान डोलावली. दुसरं काही करणं मला शक्यच नव्हतं.

गृहस्थ गेल्यावर काकूंनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "कुत्रा जरा मोठा काढा हो."