देवाजीच्या हातची गाठ

आमच्या एकोडी गावात लग्नाच्या पंगतीत कौशल्याबाईंना नेहमी टोकाला बसवतात. त्यांचा उजवा पाय वाकत नाही. तो समोर सरळ पसरलेला असतो आणि वाढणारे तो ओलांडून जातात. "फाटक लागलं बा," असं कोणीतरी म्हणतंच. बाई स्वतःच आधी हसतात. मला मात्र त्या थट्टेचा संताप येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच असतो. मी रत्नाबाई, त्यांची धाकटी जाऊ.

१९७४ च्या रोवणीतली, म्हणजे भातलावणीतली गोष्ट. डोक्यावर धानाच्या रोपांच्या पेंढ्या घेऊन बाई भाताच्या बांधीतून निघाल्या. पाय चिखलात रुतला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. संध्याकाळपर्यंत तो भोपळ्याएवढा सुजला. भासरे, म्हणजे बाईंचे नवरे मारोतराव, शेजारच्या गावातून देवाजीला घेऊन आले. देवाजी हाडं बसवायचा आणि त्याचा हातगुण पंचक्रोशीत नावाजलेला. त्यानं हळदीचा लेप लावला, मांडीपासून घोट्यापर्यंत बांबूच्या कमच्या लावून पाय सुतळीनं करकचून बांधला. "एकवीस दिवसांनी मीच येऊन सोडीन," तो म्हणाला. "दुसऱ्याचा हात लागू देऊ नोका. गुण जाते."

एकवीस दिवस झाले, देवाजी आला नाही. लेकीकडे बालाघाटला गेला आणि तिथंच तापानं पडला. भासरे दोनदा त्याच्या घरून हात हलवत परतले. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, ही आमच्याकडची रीत. सुतळीचीच गाठ, पण तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

बाई बाजेवर पडून. आत कातडी खाजायची, तर केरसुणीची काडी घालून खाजवायच्या. बाहेर धान वाढत होतं आणि बाई भिंतीकडे बघत होत्या. एके दुपारी मला म्हणाल्या, "रत्ने, आता दुखत नाही वं. आतून पाय मरून राहिला. सोड न, एकडाव वाकवून पाहू दे."

मी विळा आणला. सुतळीला लावणार तोच दारात भासरे उभे. मी पदर ओढून उठले. भासऱ्यापुढे तोंड उघडायची रीत नव्हती आणि माझ्या लग्नाला तीनच वर्षं झाली होती. बोलायला पुष्कळ होतं, पण मी गुमान चुलीपाशी जाऊन बसले. बाई मागे रडत होत्या.

देवाजी आला तेव्हा धान कापणीला आलं होतं. त्यानं गाठी सोडल्या. पाय काठीसारखा निघाला. त्यानं गुडघा दाबला, बाई किंचाळल्या, गुडघा जागचा हलला नाही.

"पाय वाचला, हे का कमी हाये?" देवाजी म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही.

तेव्हापासून बाईंची रोवणी सुटली. सकाळी परसाकडे जायचं तरी मी हात धरून न्यायची. तिशीच्या आतली बाई ती. त्या लाजेनं त्या रोज थोड्या थोड्या मरत होत्या आणि मला ते दिसत होतं.

१९७९ मध्ये भासऱ्यांनी आणि मी त्यांना भंडाऱ्याला डॉक्टरकडे नेलं. बाईंना बाहेर बाकावर बसवलं. एक्स-रेचा फोटो बघून डॉक्टर आम्हा दोघांना म्हणाले, "हाड मोडलंच नव्हतं. पंधरा दिवसांत सोडून रोज थोडं थोडं वाकवलं असतं, तर आज त्या मांडी घालून बसल्या असत्या. आता गुडघा धरला."

खोलीबाहेर येऊन भासरे भिंतीला टेकले. आठ वर्षांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "बाई, तिले यातलं काही सांगू नोका." मी पदराआडून मान हलवली.

भासरे ८४ साली वारले. आता मला अडवणारं कोणी नाही. किती वेळा तोंडाशी आलं.

नवं धान निघालं की बाई देवाजीकडे तांदूळ पाठवतात. औंदा पिशवी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "रत्ने, तवा मी येडी झाली होती. तू माह्यं आयकून सोडलं असतं तं पाय गेला असता. तुह्यानंच वाचला माहा पाय."

"हो बाई," मी म्हटलं, आणि देवाजीच्या गावाची वाट धरली.