शेपूट तुटलेला नकार

नाव शांता. पण केरळातल्या ऊरकमच्या बाजारात तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. बापानं नाव ठेवताना देवाची चेष्टा केली, असं तिचा नवरा प्रभाकरन शिलाईयंत्रावर मान खाली घालून म्हणायचा, आणि तेही ती घरात नसताना. मासळीवालीनं शिळी मत्ती ताजी म्हणून दिली, तर शांता भांडत नसे. मासा परत टोपलीत ठेवून नुसती बघत उभी राही. मासळीवाली म्हणायची, त्यापरीस चार शिव्या दे बाई, पण बघू नको.

शाळेत ती गणित शिकवायची. शाळेतले सगळे संगणक लिनक्स ह्या मोफत प्रणालीवर चालणारे, तेव्हा मास्तरांच्या शिबिरात तिलाही ते शिकावं लागलं. बाकीचे शिबिर संपल्यावर विसरले, हिला मात्र वाळवी लागल्यागत लागलं. घरचं आवरून ती प्रोग्रॅम लिहीत बसायची आणि तो चालला नाही की भांडी आपटायची. प्रभाकरनला भांड्यांच्या आवाजावरनं कळायचं, आज काय बिघडलंय ते.

गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी उदयतारा वाचनशाळेच्या माडीवर शांता धरून सहा माणसं जमत होती. खाली कॅरमची खटखट, वर ह्यांची. मल्याळममध्ये चालणारा, लिनक्सवरचा एक ब्राऊझर त्यांना करायचा होता. पान उघडून दाखवणारं पोटातलं यंत्र तयार मिळतं, ते त्यांनी आणून बसवलं. राहिला होता चेहरा. खिडक्या, बटणं, पत्ता लिहायची पट्टी, हे कुणी हातानं घडवत बसत नाही. सुतार बिजागऱ्या घरी ओततो का? बाजारातनं आणतो. तशी ह्याचीही तयार पेटी मिळते, टूलकिट म्हणतात तिला. एकदा निवडली की जन्माची गाठ; पुढं बदलायची म्हणजे सगळं घर उकलायचं.

पेट्या दोन होत्या. एक जुनी, सरकारी कचेरीतल्या कपाटासारखी बोजड. दुसरी सिजूनं शोधून आणलेली, नवी, हलकी, गुळगुळीत. सिजू हा शांताचाच विद्यार्थी. आता कोचीत नोकरीला होता, पण रविवारी न चुकता यायचा, आणि चेहरा रंगवण्यात त्याचा हात धरणारा सहांत कुणी नव्हता. नवी पेटी लावून त्यानं एक नमुना केला, तो बघून सगळे लट्टू झाले. शांतालाही तो आवडला. तिचा राग तिथनंच सुरू झाला.

कारण नव्या पेटीतलं बटण आपल्या मापाचं होतं. शब्द त्यात मावला तर मावला, नाहीतर शेवट उडवून तीन टिंबं. आता मल्याळमचा शब्द म्हणजे नारळाच्या दोरासारखा, वळत जाईल तेवढा लांब. आणि नकार बसतो पार शेपटाला. सूक्षिक्कणं म्हणजे जपून ठेवायचं, सूक्षिक्कण्ड म्हणजे ठेवायचं नाही. पुढचा भाग दोन्हीला एकच. शेपूट उडवलं की होय आणि नाही जुळे भाऊ. जुन्या पेटीतलं बटण दिसायला बोजड, पण शब्दाएवढं वाढायचं.

तिनं हे पहिल्या रविवारी सांगितलं. सगळे हसले, नंतर बघू म्हणाले. दुसऱ्या रविवारी सांगितलं, तर सिजूनं केळ्याची भजी खाता खाता तोड काढली.

"टीचर, शब्दच ल्हान करू की. एवढं लांब कोण वाचतंय?"

शांतानं चहाचा गिलास खाली ठेवला. खालच्या कॅरमवाल्यांचं म्हणणं की तो आवाज त्यांना ऐकू आला.

आता तिचा बाप, कुट्टप्पन, त्रिशूरच्या छापखान्यात खिळे जुळवायचा. तिच्या जन्माच्या आसपास सरकारनं लिपी सुटसुटीत केली, टाइपरायटरवर मावावी म्हणून. जोडाक्षरं फोडली. अक्षराच्या पोटाला चिकटलेला उकार तोडून शेजारी उभा केला, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा. कुट्टप्पनच्या हाताला शेकडो खिळ्यांचे कप्पे डोळे मिटून सापडायचे. त्यातले निम्मे एका फटक्यात मोडीत गेले. त्याला त्याचं तेवढं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते लोकांनी हूं की चूं केलं नाही त्याचं. चप्पल ल्हान पडली म्हणून कुणी बोटं तोडतं का, हे त्याचं वाक्य शांतानं जेवताना, अंघोळीच्या वेळी, ओणमच्या सणाला पानावरसुद्धा ऐकलेलं. लहानपणी तिला त्याचा वैताग यायचा. पुढं टाइपरायटर भंगारात गेले, संगणकावर जुनी अक्षरं परत आली, पण तोवर बाप गेला होता.

आणि आता तिनंच हाताला धरून शिकवलेला सिजू भजी खात शब्द कापायला निघाला होता.

ती बोलली. काय काय बोलली ते सांगण्यात अर्थ नाही. सिजूच्या बापापर्यंत पोचली एवढं खरं. सिजू लाल झाला. म्हणाला, शब्द टीचरनीच लांबलचक निवडलेत, वर खापर माझ्या बटणांवर. त्यात थोडं तथ्य होतं, म्हणून शांता जास्तच पेटली. शेवटी ठरलं की नमुना खाली वाचनालयात आठवडाभर ठेवायचा, आणि लोक काय म्हणतात ते बघून पेटी निवडायची.

वाचनशाळेचे सेक्रेटरी वेलुक्कुट्टी माश, म्हणजे मास्तर. वय झालेलं, पण हौस दांडगी. वार्षिक सभेचं भाषण ते त्या नमुन्यातल्या एका कोऱ्या पानावर लिहायला बसले. एका बोटानं, चार दिवस, खिडकी तशीच उघडी ठेवून. चौथ्या दिवशी लिहून झालं, खिडकी मिटायला गेले, तर एक चौकोन पुढं आला. दोन बटणं. दोन्हीवर सूक्षिक्क आणि तीन टिंबं.

आता हाच शब्द गावात फाटकांवर कुत्र्याच्या पाटीत असतो. कुत्रं आहे, जपून. माशांनी तोच अर्थ लावला. बराच वेळ जपून बसले. मग डावं दाबलं. चार दिवसांचं भाषण गेलं ते गेलं.

रविवारी ते स्वतः जिना चढून वर आले.

"दोन्ही फाटकावर कुत्रं हाय म्हनलं," माश सांगत होते, "मग मी कुठनं जायचं हुतं?"

सगळे पोट धरून हसले. सिजूही हसला, आणि बटणावर बरोबरचं आणि फुलीचं चित्र टाकू म्हणाला. शांता तेवढी हसली नाही.

"सिजू, तुला नको म्हनायचं असलं तर तू तोंडानं म्हनतोस का चित्र दावतोस?"

"टीचर, उगं ताणू नका."

"मी ताणत न्हाई. तू कापतुयास. माझ्या बापाच्या वक्ताला सरकारनं कापलं, ते बी मशीनीपायी. आता सरकार बी न्हाई आणि टाइपरायटर बी न्हाई, तरी सुरी घिऊन आपलीच पोरं बसल्यात."

मग एकेकानं जुन्या पेटीला हात वर केला. कुणी पटलं म्हणून, कुणी शांताच्या नजरेपायी. सिजूनं हात वर केला नाही. त्यानं आपला संगणक पिशवीत घातला, माशांना नमस्कार केला, आणि शांताकडं न बघता जिना उतरला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आता चेहरा शांतालाच करायचा होता, आणि तिला ते येत नव्हतं. जुनी पेटी तिनं लावली. बटण शब्दाबरोबर वाढायचं, पण कसं? एक बटण पाळण्याएवढं, दुसरं बसएवढं. भांडी पुन्हा वाजू लागली. ह्यावेळी राग पेटीवर होता, सिजूवर होता, आणि थोडा स्वतःवरही, पण तो ती भांड्यावर काढायची, तोंडानं नाही. प्रभाकरननं एकदा सिजूला फोन करू का म्हणून विचारलं. शांता त्याच्याकडं नुसती बघत उभी राहिली. त्यानं मुकाट्यानं सुईत दोरा ओवला.

पावसाळा सरता सरता नवा नमुना खाली ठेवला. दिसायला धड नव्हता. वेलुक्कुट्टी माशांनी भाषण पुन्हा लिहिलं होतं, ह्यावेळी शांता शेजारी उभी. त्यांनी खिडकी मिटली, चौकोन आला. सूक्षिक्कणं. सूक्षिक्कण्ड. दोन्ही शब्द शेपटासकट. माशांनी चष्मा वर सारून दोन्ही मोठ्यानं वाचले, आणि सरळ दुसरं दाबलं.

"अवो माशे! काय केलंसा हे?"

"पुसलं. पयलंच भाषण चांगलं हुतं. हे काय जमलं न्हाई." माश खुर्ची मागं सारत उठले. "पर शांते, ह्या खेपंला मी माझ्या मर्जीनं पुसलं हां."

शांता तणतणत जिना चढली. वर सिजूची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, ती तिनं ओढली आणि बसएवढं बटण बारीक करायला बसली.