आयली का गो परत?

वनिता म्हात्रे कबड्डीचा सामना मैदानाकडे पाठ करून बघायची. अख्खा सामना नव्हे. इतर मुली खेळत असल्या की ओढणी कमरेला बांधून ती पुढे सरसावून बसायची आणि पंचांपासून समोरच्या संघाच्या सरांपर्यंत सगळ्यांना फुकट सल्ले द्यायची. पण तिची रुचिता चढाईला निघाली, की ती बसल्या जागी गर्रकन फिरायची, कुंपणाच्या तारेकडे डोळे लावायची आणि शेजारी जे कोणी असेल त्याची मांडी घट्ट दाबून विचारायची, "आयली का गो परत?"

मी पहिल्यांदा पेणच्या त्या मैदानावर गेले, तेव्हा ती मांडी माझी होती.

मी तिथे माझ्या सईचं नाव काढून घ्यायला गेले होते. माझं माहेर पुण्याचं. खेळ म्हणजे पांढरे बूट, शिस्तीत टाळ्या आणि मधल्या वेळेत केळं, अशी माझी समजूत. त्या समजुतीला धरून मी सईला बॅडमिंटनची रॅकेट आणून दिली होती. तर ही सातवीतली मुलगी एके दिवशी दोन्ही गुडघे सोलून रामवाडीतल्या आमच्या घरी आली आणि म्हणाली, "आई, मी कबड्डीत नाव दिलं. सर म्हणाले, माझे हात लांब आहेत, पकडीला चांगले." त्या लांब हातांकडे बघून मी मनात भरतनाट्यम योजून ठेवलं होतं. गुडघ्यांना मलम लावता लावता मी तिला समजावून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कोपरं सोलून आणली.

म्हणून सरांशी बोलायला गेले, सर सरावात होते, जरा टेकले, आणि ही बाई माझ्या मांडीला लटकली.

"कोण परत?" मी विचारलं.

"माजी पोर गो! ती तिकडं गेलीय ना! आयली का?"

मी बघितलं. एक काटकुळी मुलगी रेषा ओलांडून धापा टाकत परत येत होती. "आली," मी म्हणाले.

"कशी आयली? गडी मारला काय तिनं?"

"छे हो, कुणी कुणाला मारलं नाही," मी तिला धीर दिला.

वनिता वळली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग शेजारच्या बाईला ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "पुन्याची हाय वाटतं." तिचा हात निघाला तेव्हा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर तिची पाच बोटं गुलाबी रंगात उमटली होती. ती पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची, आणि काम सुटल्यावर हात न धुता थेट मैदानावर यायची. तो डाग काही गेला नाही. त्या दिवशी सईचं नाव काढायचं राहून गेलं, कारण सराव संपेपर्यंत मला आणखी चार वेळा "आली" म्हणावं लागलं होतं.

पाठ का करते, हे मी दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत विचारलं. "आयशीची नजर पयली लागते," ती म्हणाली. रुचिताची पहिली मॅच तिने समोर बसून बघितली होती. पोरगी चढाईला निघाली आणि हिच्या मनात आलं, काय गोड दिसते माझी बाय. त्याच क्षणी तिघींनी रुचिताला खाली घेतलं आणि तिचा खांदा निखळला. "मीच पाडली तिला," वनिता म्हणाली. "तवापासून मना नाय बगवत."

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे खांद्याचा सांधा, पडण्याचा कोन आणि योगायोग म्हणजे काय, हे मी तिला सविस्तर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मला डब्यातला एक पापड दिला आणि म्हणाली, "तुमचा विज्ञान शाळंत ठेवा मॅडम. खांदा माज्या पोरीचा हाय."

अशी मी तिचं दूरदर्शन झाले. रुचिता चढाईला गेली की वनिता तारेकडे बघणार आणि मी तिला खेळ सांगणार. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोलायला कळावं लागतं असं थोडंच आहे? एकदा सईने मला जेवताना बोनस गुण समजावून सांगितला. समोर सहा किंवा जास्त गडी असताना मागची बोनस रेषा ओलांडली, की एक गुण जादा. नवीन शब्द मिळाल्याच्या आनंदात मी पुढच्याच सामन्यात रुचिताचा पाय पुढे पडला रे पडला की "बोनस!" म्हणू लागले. पंच गुण देईनात. वनिता उठली आणि ताडताड पंचांपुढे जाऊन उभी राहिली.

"ओ पंच, डोळं घरी ठेवून आलाव काय? माज्या पोरीचा बोनस कुठं गेला?"

"ताई, तुम्ही बघितलं का?"

"मी कशाला बगू? मी नाय बगत. त्या मॅडमनी बगितलं. त्या शाळंत शिकवतात."

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. पंचांनी मला शांतपणे विचारलं, "मॅडम, समोर गडी किती होते?" मी मोजलेच नव्हते. मैदानात उभ्या असलेल्या सईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. समोर चारच मुली उरल्या होत्या, हे मला तिनेच घरी गेल्यावर सांगितलं. वनिता मात्र परत येऊन शांतपणे बसली आणि मला म्हणाली, "जाऊ दे गो. भांडून ठेवलं की पुढच्या टायमाला घाबरतात." हे तिचं पंचांविषयीचं, दुकानदारांविषयीचं आणि सासरच्या माणसांविषयीचं एकच धोरण होतं.

ती काही देवमाणूस वगैरे नव्हती. समोरच्या संघातल्या जाड मुलींना नावं ठेवायची. पाणी घ्यायला रांगेत कधी उभी राहायची नाही. सगळ्या मुलींसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणायची खरी, पण रुचिताच्या भाकरीत जास्त चटणी घालायची आणि कोणी बोललंच तर म्हणायची, "आई हाय मी तिची, पंच नाय." कारखान्यात ती मूर्तींच्या अंगाला आणि पितांबराला रंग द्यायची. डोळे आखायचं काम मालकाचा भाऊ करायचा. "तू का नाही करत?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "नको गो बाय. देव आपल्याकडं बगायला लागला की माजा हात थरथरतो."

मग वरशाचा तो सामना आला. रोह्याजवळ वरसे गावात मुलींची स्पर्धा होती आणि आमच्या मुली चक्क अंतिम फेरीत पोचल्या. गाडी करून आम्ही दहाबारा पालक गेलो होतो. शेवटचं मिनिट चालू होतं आणि दोन्ही संघांचे गुण सारखे होते. समोरच्या संघाची एक छोटीशी, चुणचुणीत मुलगी चढाईला आली. ती वळली आणि सईने झेप घेऊन तिचा घोटा धरला. काय धरला! माझ्या मुलीने आयुष्यात कुठली गोष्ट इतकी घट्ट धरलेली मी पाहिली नव्हती. ती पोर तोंडावर पडली, तिचा पाय पिळवटला, तरी "कबड्डी कबड्डी" चालूच. आणि माझ्यातली कोण जागी झाली कोण जाणे, आई, बाई की पुणेकर, मी उभी राहून जिवाच्या आकांताने ओरडले, "सई, सोड तिला! पाय मोडेल तिचा! सोड!"

सईने सोडलं.

घरी मी दिवसभर "मोबाईल सोड" म्हणून ओरडत असते, ती मान वर करत नाही. त्या दिवशी मात्र तिने ताबडतोब माझं ऐकलं. ती छोटी मुलगी सरपटत मध्यरेषेवर पोचली, तिला गुण मिळाला, आणि आम्ही एका गुणाने हरलो. तिचा पाय ठणठणीत होता. ती त्याच पायावर नाचत होती.

परतताना गाडीने रोह्याचा अष्टमीचा पूल ओलांडला तरी सर पुढच्या सीटवर कपाळाला हात लावून बसले होते. नागोठण्याच्या आसपास सई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू पुढच्या मॅचला येऊ नकोस." मग म्हणाली, "कधीच येऊ नकोस." मी खिडकीबाहेर बघायला लागले. मला रडू येत होतं, आणि मुलींच्या कबड्डीसाठी रडावं लागेल असं कोणी वर्षापूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मला तिथे बसायचं होतं. काही कळत नसलं तरी त्या धुळीत, त्या तारेशेजारी बसायचं होतं.

मागच्या सीटवरून वनिताचा आवाज आला. "सई, इकडं बग. तुज्या आयशीची नजर नाय लागली, तोंड लागलं. त्याला औषध हाय."

"काय औषध?" सईने फुरंगटून विचारलं.

"ती पण माज्यासारखी पाठ करून बसंल. तू खेळताना मी बगीन नि हिला सांगीन. रुचिता खेळताना ही बगंल नि मना सांगंल. ओरडायला लागली तर तोंड दाबायला मी हाय ना! दुसऱ्याची पोर बगताना माणूस शाना असतो. आपली पोर दिसली की आई येडी."

सईने बराच विचार केला. पेणचे दिवे दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "चालेल. पण काकू, तोंड खरंच दाबायचं."

पुढचे दोन हंगाम आम्ही तसंच केलं. दोघी बाया शेजारी शेजारी, एकीचं तोंड मैदानाकडे, दुसरीचं तारेकडे, आणि आलटून पालटून फिरणं. सई पकडीला उतरली की मी तारेवर वाळणारे कुणाचे तरी कपडे बघत बसायचे आणि विचारायचे, "वनिता, काय झालं?" ती कधी सरळ उत्तर द्यायची नाही. "धरली... धरली... आता नाय सांगत," असं म्हणून माझा जीव टांगणीला लावायची आणि हसायची. माझी विज्ञानशिक्षिकेची इज्जत गेली ती गेलीच. सहकारी शिक्षिकांनी विचारलं तर मी सांगायचे, पाठदुखीमुळे तशी बसते.

तिचं दुखणं कळलं तेव्हा कारखान्यात गणपतींची घाई होती. पोटात दुखतंय म्हणून ती अंगावर काढत राहिली. पनवेलला दाखवलं, मग मुंबईला नेलं, आणि गणपती बसायच्या आतच तिला घरी परत आणलं. परत का आणलं, ते सगळ्यांना समजलं होतं. मी खाडीकाठच्या तिच्या घरी गेले तेव्हा ती ओटीवर खाटेवर पडली होती. नखांतला रंग गेला होता, आणि ते स्वच्छ हात मला बघवेनात.

"मॅडम, रुचिता सराव सोडीन बोलते," ती म्हणाली. "बोलते, कोन बगनार माज्याकडं."

"मी बघेन," मी म्हणाले.

"तुमी बगा. तुमची नजर हलकी हाय, लागत नाय." मग म्हणाली, "नि गडी मोजत जावा."

मी हसले आणि लगेच बाहेर अंगणात जाऊन रडले. पुढच्या आठवड्यात ती गेली.

रुचिता पुढे बरेच दिवस मैदानावर आली नाही. सई रोज तिला फोन करायची. मी काय करत होते? मी रोज मैदानावर जाऊन तारेशेजारी बसत होते, इतकंच. तेवढंच मी कबूल केलं होतं. थंडी पडायला लागल्यावर एका संध्याकाळी रुचिता आली, मला न बघितल्यासारखं करून बूट काढले आणि खेळायला उतरली.

हंगामाचा पहिला सामना रोह्यालाच होता. मी अंतिम रेषेच्या मागे बसले. शेजारची जागा कोणी घेऊ नये म्हणून तिथे पिशवी ठेवली, मग ते वेडेपणाचं वाटून काढून घेतली, मग पुन्हा ठेवली. रुचिता चढाईला गेली. मी टक लावून बघितलं, समोरचे गडी नीट मोजले, पाच होते. तिला पकडलं. ती बाद होऊन माझ्यासमोरच, बाद खेळाडूंच्या जागेत येऊन बसली. खांदा ठीक होता, तेही मी बघितलं.

आणि मग सरांनी चढाईला सईला पाठवलं. पकडीवाल्या माझ्या मुलीला, चढाईला! मी सवयीने गर्रकन वळले. समोर तार होती. प्रेक्षक ओरडले, धपकन आवाज आला, कोणीतरी पडलं. माझा हात शेजारच्या पिशवीवर दाबला गेला आणि तोंडातून निघून गेलं, "आयली का गो परत?"

विचारल्यावर मला कळलं, की सांगायला कोणी नाही. मान फिरवायचीही हिंमत होईना.

"आयली, काकू, आयली," मागून आवाज आला. रुचिता होती. अगदी आईसारखं, एक एक शब्द टांगणीला लावत ती म्हणाली, "गडी मारून आयली."

मी वळले. सई मध्यरेषेपाशी वाकून धापा टाकत होती. तिने घेतलेल्या गुणामुळे रुचिताला पुन्हा खेळात उतरता येणार होतं. ती उठली, गुडघ्यांची माती झटकली आणि आत जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाली, "आता मी चालले. तुमी बगा माज्याकडं."