पेठच्या वाटेवर एक दुभाषी

पेठला उन्हाळ्यात जाऊ नये, आणि माझ्यासारखं सरकारी कामाला तर मुळीच जाऊ नये. पण जंगल खात्याच्या नव्या गोऱ्या साहेबाला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि नाशिकच्या कचेरीत दुभाषी मी एकटाच. गेलो.

सकाळच्या मोटारीला भाडं बारा आणे. जाणाऱ्यांनी पुढची जागा धरावी. मागे नुसती धूळ. मी अर्थात मागे. शेजारी मालेगावचे कापडवाले करीमभाई होते. माझं काम ऐकून म्हणाले, "आमच्यात तर्जुमान बोलतात. लफ्ज अरबी, पण अरबांहूनही पुराना. समजावून सांगणारा." मी म्हटलं, आमचा शब्द साधा. संस्कृतातल्या द्विभाषीचा दुभाषी झाला, दोन भाषांचा माणूस. मद्रासेकडे मात्र दुभाष म्हणजे जहाजवाल्यांचा दलाल.

"फिर आप कौन?" ते हसले. घाटात हाडं इतकी खिळखिळी झाली होती की उत्तर द्यायचाही कंटाळा आला.

पेठहून पुढे बैलगाडी. पाड्यावर लहानू नावाच्या म्हाताऱ्याकडे उतरलो. नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण. तसं वरण नाशकात मिळत नाही. घराच्या खांबासाठी साग तोडला म्हणून त्याच्या मुलाला धरलं होतं. सकाळी साहेबापुढे त्याला सोडवायचं, एवढंच म्हातारा बोलत होता.

साहेबाच्या तंबूत लहानूने हात जोडले. त्याचं सगळं म्हणणं मी इंग्रजीत मांडलं. साहेबाने इंग्रजीतच नकार दिला. आमची रीत अशी, की बोलणाऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगायचं, मधे 'साहेब म्हणतात' घालायचं नाही. म्हणून मी लहानूला म्हणालो, "मी तुझ्या मुलाला सोडणार नाही. खटला चालेल."

लहानू साहेबाकडे बघेचना. माझ्याकडेच बघत राहिला.

"राती माझ्याकडं जेवलास ना तू?"

"अरे बाबा, ते साहेबांचं बोलणं."

"त्याचं मला काय कळलं नाय. 'नाय' तूच म्हणालास."

परतताना गाडी त्याच्या दारावरून गेली. त्याची म्हातारी अंगणात होती. मी रामराम केला, ती आत निघून गेली. फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणावर काढणार?

घरी पोचलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. बायकोने कढत पाणी काढलं. लहानू काय म्हणाला, साहेब काय म्हणाले, सवयीने तिला सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" तिने विचारलं.

दोन्ही भाषांत बोलून घसा बसला होता, आणि मी काहीच म्हणालो नव्हतो.